बिनतेलाची गाय
करंजाच्या तेलाचा उग्र वास आला की पासली गावातला तो गोठा आठवतो. गोमाश्या या तेलानं किती हटतात ते पाहायला मी एका गाईला तेल लावलं होतं आणि तुलनेसाठी दुसरीला तसंच ठेवलं होतं. सकाळी जाऊन पाहते, तर दोघीही तेलानं चकाकत होत्या. "एकीला लावायचं न् दुसरीनं नुसतं शेपूट आपटायचं? आमच्यात न्हाई चालत," गोठ्याची मालकीण म्हणाली. मीही प्रयोग सोडणार नव्हते. तेल उतरल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि रोजची मोजणी संपली की निरगुडीची फांदी घेऊन बिनतेलाच्या गाईच्या माश्या दिवस मावळेपर्यंत हाकत बसले. मग मालकिणीनं स्वतःजवळची तेलाची बाटली आपणहून माझ्याकडं दिली. आजही प्रयोग आखताना, औषधाविना राहणाऱ्या जनावराजवळ कोण बसणार, हे मी आधी ठरवते.