मुका खिळा

आमची खेचरांची कंपनी तेव्हा अकरा हजार फुटांवर होती. मी नायक, ट्रेड फेरियर. म्हणजे नालबंद. वरच्या चौक्यांना रसद खेचरांवर जायची आणि खेचर चालतं ते खुरावर.

ड्रायव्हर सिद्राम उदगीरचा. आमच्याकडे खेचर नेणाऱ्यालाही ड्रायव्हरच म्हणतात. मी नांदेडजवळच्या विष्णुपुरीचा. मराठी बोलायला तो माझ्याकडे यायचा. त्याच्याकडे ४१७ नंबरचं मादी खेचर होतं. हा नंबर पुढच्या खुरावर डागलेला असतो. तो तिला अक्का म्हणायचा, कानडीतली थोरली बहीण.

"तुझी अक्का लाथ लई मारती," मी म्हणायचो.

"तुमालाच मारती. मला नुसती रागावती."

माझ्या पेटीत खुराची सुरी, खूर कापायची कात्री, कानस, हातोडा, अख्खी नाल काढायची मोठी पक्कड आणि एक बारीक चोचीची पक्कड होती. ठोकलेला एकच खिळा परत उपसायचा असेल तर ही बारीकच लागते. माझ्या बारीक पकडीची चोच झिजली होती. सोमवारी किट इन्स्पेक्शनला सुभेदार साहेबांनी पेटीवरून नजर फिरवली.

"सब ठीक?"

"ठीक, साहब."

बाद दाखवली असती तर नवी येईपर्यंत माझी सुट्टी थांबली असती. घरी बहिणीचं लग्न होतं.

गुरुवारी सकाळी ०६०० वाजता सिद्राम अक्काला घेऊन आला. पुढच्या उजव्या पायाची नाल हलत होती. कॉलम, म्हणजे रसदीचा तांडा, ०६३० ला निघणार होता. मी जुनी नाल काढली, खूर कानसला, नवी नाल बसवली. पाच खिळे नीट गेले. सहावा मुका झाला.

हे सांगायला हवं. खिळा खुराच्या टणक भागातून जातो तेव्हा हातोड्याचा आवाज खणखणीत येतो. आतल्या जिवंत मांसाकडे वळला की आवाज बसतो. आमचे उस्ताद म्हणायचे, "खिळा बोलता रहे तो चलने दो. चुप हो जाए तो निकालो." हे एकच वाक्य मी त्यांच्याकडून पाठ केलं होतं.

अक्कानं पाय ओढला. मी बारीक पक्कड लावली. चोच घसरली. पुन्हा लावली, पुन्हा घसरली. आता अख्खी नाल काढून नव्यानं ठोकायची म्हणजे वीस मिनिटं.

"दुखायलंय का तिला?" सिद्रामनं विचारलं.

"थंडी हाय. पाय आखडला आसंल."

मागून सुभेदार साहेबांचा आवाज आला. "फेरियर, कितना टाइम?"

"रेडी, साहब."

सिद्रामनं माझ्याकडं एकदा पाहिलं. मग लोड बांधायला गेला. त्याचा माझ्यावर विश्वास होता.

०९१० ला मी सिग्नलच्या तंबूपाशी होतो. रेडिओवर कॉलम कमांडर आले.

"एक एनिमल लंगडा रहा है. नंबर चार एक सात. ओव्हर."

"लोड उतारो. एनिमल वापस भेजो. ओव्हर." तंबूतून उत्तर गेलं.

"जगह नहीं है. मोड़ के आगे उतारेंगे. ओव्हर."

वळण अक्कापासून चाळीस पावलांवर होतं. मी तंबूपाशीच उभा राहिलो. सांगण्यासारखं मला एकट्यालाच माहीत होतं आणि मी बोललो नाही. ०९१३ ला रेडिओ पुन्हा आला. "एनिमल और ड्रायव्हर, दोनों नीचे. ओव्हर."

अक्कानं दुखरा पाय टेकलाच नाही. ती घसरली. सिद्रामनं दोर सोडला नाही.

त्याचा देह १५०० वाजता वर आणला. अक्का दरीतच राहिली. चौकशीत मला एकच प्रश्न होता.

"नाल?"

"ठीक थी, साहब."

खूर कुणी पाहिलाच नव्हता. मी सुट्टीवर गेलो. बहिणीच्या लग्नात वाढायला उभा राहिलो. पुढं हवालदार होऊन निवृत्त झालो.

मागच्या महिन्यात सिद्रामचा धाकटा भाऊ शिवलिंग याचा फोन आला. त्यानं दोन घोड्या घेतल्यात, नालबंद मिळत नाही, अवजारं मी निवडून द्यावीत. आम्ही लातूरला भेटलो. एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात त्यानं मागवलेला संच टेबलावर मांडला. सुरी चांगली होती. कानस जरा लहान होती. बारीक पक्कड नव्हती.

"ही मोठी हाय की, दादा. एकीत भागंल."

"न्हाई भागत," मी म्हणालो, आणि मग थांबलो नाही. सोमवारच्या इन्स्पेक्शनपासून चौकशीपर्यंत सगळं सांगितलं. चहावर साय धरली.

तो बराच वेळ कानशीवर अंगठा फिरवत होता.

"दोर त्यानं सोडला न्हाई म्हणता?"

"न्हाई सोडला."

"आईला तुम्ही सांगू नका. ते माझं मी बघीन." त्यानं अवजारं एकेक करून पिशवीत भरली. "ती बारीक पक्कड कुठं मिळंल, तेवढं सांगा हवालदारसाब."

दादा त्यानंतर तो म्हणाला नाही.

परवा मी उदगीरला गेलो. पक्कड आली होती. चोच मी नखानं तपासली. घोडीचा पाय मी धरला, खिळे त्यानं ठोकले. चौथ्या खिळ्याला त्याचा हातोडा थांबला.

"हवालदारसाब, ह्यो मुका झाला."

"काढ."

एका ओढीत खिळा बाहेर आला. टोक कोरडं होतं, रक्त नव्हतं. त्यानं तो माझ्या तळहातावर ठेवला आणि दुसरा घेतला.

ड्रायव्हर सिद्राम, उदगीर. खेचर नंबर ४१७, अक्का. तिची नाल ठीक नव्हती, साहब.