गव्हाणीतले लाडू

किटवर दोन रेघा दिसल्या तेव्हा मला आनंद झाला होता. पण त्या आनंदाच्या पाठोपाठ जो पहिला विचार आला, तो जावेचा. तिला हे कसं सांगायचं?

आमचं घर किन्हवलीपासून दोन-अडीच किलोमीटर आत. घरात सासू-सासरे, मोठे दीर आणि जाऊ, आणि आम्ही दोघं. दीर आसनगावजवळच्या एका कंपनीत, माझा नवरा भिवंडीला गोदामात. दोघंही सकाळी जायचे ते दिवेलागणीलाच परतायचे. मी किन्हवलीत एका मेडिकलच्या दुकानात कामाला होते. शेत, म्हैस आणि भात निघाल्यावर लावलेली भेंडी, हे सगळं सासरे आणि जाऊ बघायचे.

जावेला मी ताई म्हणायचे. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. दहावीला गणितात अडकली ती तिथेच थांबली, पण बाजारात हिशेबात तिला कोणी फसवू शकत नसे. भेंडीने हात खाजतात म्हणून दिरांचे जुने मोजे हातात चढवून ती भेंडी तोडायची, आणि तसंच मोजे घातलेल्या हाताने कपाळावरचे केस मागे सारायची. हसायची ते शेजारच्या पडवीत ऐकू जायचं. माझं माहेर मुरबाडचं, बाजारपेठेतलं. मला चुलीवरची तांदळाची भाकरी जमत नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात तिने आपल्या भाकऱ्या माझ्या टोपलीत टाकल्या आणि सासऱ्यांना सांगितलं, "बघा, नवी सून कशी थापते!"

तिच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गेलं. दुसरी वेळ माझ्या डोळ्यांसमोरची. दवाखान्यातून आली, दोन दिवस भिंतीकडे तोंड करून निजली आणि तिसऱ्या दिवशी शेतात गेली.

म्हणून मी आधी सासूबाईंना विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. ऐकून त्यांनी सूप बाजूला ठेवलं, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि लगेच आवाज खाली आणला.

"तीन महिने कुणाला बोलायचं नाय. आणि तिला तर मुळीच नाय."

"ताईला का नाही?"

"का म्हंजे? तिची दोन गेली. बाईचा जीव जळतो गो. तिच्या मनात नसंल, पण नजर लागते."

दुकानात रोज पोटुशी बायका यायच्या. त्यांना मीच सांगायची, असलं काही मनात आणू नका, गोळ्या वेळेवर घ्या, पोटभर खा. आणि त्या दिवशी मी सासूबाईंसमोर मान हलवली. माझा नजरेवर विश्वास नव्हता. पण ताईसमोर उभं राहून ते सांगायचं टळलं, याचं मला बरं वाटलं. आज विचार करते तेव्हा सगळ्याची सुरुवात तिथेच दिसते. मला सोपं हवं होतं.

दुसऱ्या महिन्यात मळमळ सुरू झाली. पेजेचा वास नको वाटे, फोडणीचा नको वाटे, चिरलेल्या भेंडीची तार बघितली तरी पोटात ढवळे. सकाळी तोंडात आमसूल धरून मी दुकानात जायची. फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या तांदळाच्या डब्यात खाली पुरून ठेवल्या होत्या. आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी. तो हंडे भरायचा दिवस आला की मी म्हणायची, "ताई, माझी पाठ धरलीय." ती दोन्ही हंडे उचलायची. माझ्या वाटणीचं शेण काढणंही तिच्यावर गेलं. सासूबाई बघायच्या आणि दुसरीकडे तोंड फिरवायच्या. मीही बघायची.

एका रविवारी ताईने माझ्यासमोर स्टीलचा डबा ठेवला. नाचणीचे लाडू, गूळ-तुपातले, थोडी सुंठ घातलेले.

"तुला अशक्तपणा आलाय," ती म्हणाली. "सकाळी उठल्याउठल्या एक खायाचा. चहाच्या आधी."

माझ्या तोंडाकडे न बघता म्हणाली. तेव्हाच मला कळायला हवं होतं. अशक्तपणासाठी चहाच्या आधी खा, असं कोण सांगतं? तिला सगळं ठाऊक होतं. मी लपवतेय हेही ठाऊक होतं, आणि माझं लपवणं तिने सांभाळून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक लाडू खाल्ला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा पोटात काही टिकलं. त्या दिवशी मी दुकानात उभी राहू शकले, एका गिऱ्हाइकाशी हसून बोललेही.

संध्याकाळी सासूबाईंनी डबा पाहिला. "हे तिनं दिलं? खाल्लंस?"

"एकच."

त्यांनी कपाळाला हात लावला. "आता पुरे. तिच्या हातचं पोटात घालू नको. मी देते तुला करून."

त्यांनी काही करून दिलं नाही, भाताच्या मळणीचं राहिलेलं काम होतं. पण मी डबा उचलला. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई भेंडीवर गेली असताना गोठ्यात गेले आणि नऊच्या नऊ लाडू म्हशीच्या गव्हाणीत कोंड्यावर टाकले. वरून थोडा पेंढा सारला. मला वाटलं होतं म्हैस पटकन संपवेल. डबा धुतला आणि फळीवर ठेवला.

म्हशीने संपवले नाहीत. संध्याकाळी ताई धार काढायला गेली तेव्हा मी मागच्या दारात भांडी घासत होते. तिने गव्हाणीत हात घातला, एक लाडू काढला, त्याला चिकटलेला कोंडा झटकला. मग त्याचे दोन तुकडे केले आणि तळहातावर धरून म्हशीला भरवले. दुसरा काढला, तोही भरवला. एकेक करून उरलेले सगळे. माझ्याकडे तिने एकदाही वळून पाहिलं नाही. माझ्या हातातला टोप घासून कधीच झाला होता, तरी मी तो घासत राहिले.

त्यानंतर ती माझ्याशी बोलेना. भांडण नाही, टोमणा नाही. पण दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी, मी दुकानात जायच्या आधी, ती तव्यावर सुकट भाजायला लागली. मागच्या पडवीतली चूल सोडून, मधल्या खोलीतल्या गॅसवर. वास घरभर. मी धावत न्हाणीत जायची आणि आतडी पिळवटेपर्यंत ओकायची.

चौथ्या दिवशी सासूबाई तडकल्या. "बाहेर भाज की ती सुकट! घरात काय लावलंयस?"

"का?" ताईने तवा हलवता हलवता विचारलं. "रोजचीच तर हाय. कुणाला वास येतो? घरात कुणाला काय झालंय का?"

सासूबाई पडवीत निघून गेल्या. मी न्हाणीच्या दाराला धरून उभी होते. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. "हो, झालंय, आणि मी तुझ्यापासून लपवलं," एवढंच. मी तोंड पुसलं आणि पर्स घेऊन निघाले. रस्ताभर मला वाटत होतं की ही शिक्षा आहे आणि ती बरोबरच आहे. पण शिक्षा भोगणं माफी मागण्यापेक्षा सोपं असतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

पौषात म्हसा गावची जत्रा आली, मोठा बैलबाजार भरतो ती. सासऱ्यांना बैल बघायची हौस, घ्यायचे नसले तरी. सासूबाईंना देवदर्शन करायचं होतं. शेजाऱ्यांच्या टेम्पोतून दोघं गेले, मुक्काम करून दुसऱ्या दिवशी येणार होते. पुरुष कामावर. मला सुट्टी होती. घरात मी आणि ताई, आणि आमच्यातला तो अबोला.

दहाच्या सुमाराला मला रक्त दिसलं. थोडंच होतं. पण मी न्हाणीतच खाली बसले आणि मला उठता येईना. मी हाक मारली. आई नाही, नवरा नाही, तोंडातून "ताई!" आलं.

ती मोज्यांसकट धावत आली. काही विचारलं नाही. खाली बघितलं, माझ्या काखेत हात घातला आणि मला खाटेवर नेऊन निजवलं. पायाखाली उशी सारली. "हलू नको. रडू पण नको," म्हणाली. फोन करून गावातल्या एकाची इको गाडी बोलावली. ड्रायव्हरला म्हणाली, "खड्डा चुकव. टाइम लागूंदे. पण खड्डा चुकव." गाडीत माझं डोकं तिच्या मांडीवर होतं. सापगावचा पूल ओलांडेपर्यंत तिने माझ्या केसांवरचा हात काढला नाही. तिच्या हाताला भेंडीचा वास येत होता आणि त्या दिवशी मला त्याने मळमळलं नाही.

शहापूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, किती दिवस झाले, त्रास कधीपासून, गोळ्या कोणत्या. मी रडत होते. ताईने सांगितलं, "अडीच महिने होतील. मळमळ दीड महिना. गोळ्या घेते, तांदळाच्या डब्यात ठेवलेल्या असतात."

सोनोग्राफीत ठोके दिसले. महिनाभर विश्रांती घ्यायला सांगितली, औषधं लिहून दिली. बाहेर बाकड्यावर आम्ही गाडीची वाट बघत बसलो. तेव्हा तिने विचारलं.

"लाडू का टाकलेस?"

मी म्हणाले, "आईंनी सांगितलं, नजर लागते म्हणून."

"आई म्हातारी हाय. तिला जे ठाऊक ते ती बोलते." ती समोरच्या रस्त्याकडे बघत होती. "तू शिकलेली. तुला कुणी सांगितलं म्हणून तू टाकलेस?"

मी औषधांच्या चिठ्ठीची घडी घातली. मग तीच म्हणाली, "मला सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं? रडले असते एक दिवस. बस. तेवढं तर करू द्यायचं होतं."

दुसऱ्या दिवशी सासू-सासरे जत्रेतून परतले. सासूबाई मला खाटेवर बघून दारातच थबकल्या. ताई पाटावर बसून भाकऱ्या थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "बाळ हाय. ठोके हायत. माझी नजर लागून पण हायत."

तो महिनाभर माझं सगळं तिने केलं. गरम पाणी, पेज, कपडे. प्रेमाने केलं असं मी म्हणणार नाही. ताट ठेवताना आवाज व्हायचा. पण वेळ कधी चुकली नाही, आणि सुकट पुन्हा मागच्या चुलीवर गेली. मी रोज ठरवायची की आज बोलायचं. ती आली की मी म्हणायची, "मीठ बरोबर आहे." असलंच काहीतरी.

मुलगी झाली, सगळं नीट पार पडलं. मला इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण आणखी एक सांगायचं राहतं, आणि तेच मला जास्त टोचतं.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी ताई आली. खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली, बाळाकडे बघत. मी बाळ उचलून तिच्यापुढे धरलं. "घे ना, ताई."

तिने हात पुढे केले नाहीत. म्हणाली, "आईंना विचारलंस का?"

सासूबाई खिडकीजवळ बसल्या होत्या. आणि माझी नजर त्यांच्याकडे गेली. क्षणभरच. मी ठरवून नाही बघितलं. त्यांनी हो म्हणावं म्हणून बघितलं की नाही म्हणतील म्हणून, मला अजून सांगता येत नाही. लगेच मी मान वळवली, पण ताईने बघितलं होतं. सासूबाईसुद्धा म्हणाल्या, "घे की गो, घे." तिने बाळ घेतलं, नीट घेतलं, मानेखाली हात देऊन. दोन मिनिटांनी परत माझ्या कुशीत ठेवलं आणि बस आहे म्हणून निघून गेली.

वर्षभराने दीर आणि ताई शहापूरला खोली घेऊन राहायला गेले. दिरांना कंपनी जवळ पडते, हे कारण सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. ताई तिथे भाकऱ्यांच्या ऑर्डरी घेते. सणाला दोघं येतात, माझ्या मुलीला फ्रॉक आणतात. सासूबाई हल्ली तिची वाट बघत ओट्यावर बसतात, पण तसं बोलून दाखवत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात मी मुलीला घेऊन मुद्दाम तिच्याकडे गेले. मुलगी तिच्या दारात पाण्याने खेळत बसली. मी म्हणाले, "ताई, त्या वेळी माझं चुकलं."

"कंच्या वेळी?"

तिला माहीत होतं. पण तिला ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मग मी सगळं बोलले. तुझ्यापासून लपवलं, तुला हंडे उचलायला लावले, लाडू गव्हाणीत टाकले, दवाखान्यात आईंकडे बघितलं. ती परातीत पीठ मळत होती, मळतच राहिली.

"ते बघणं," ती म्हणाली. "बाकीचं मी कधीच सोडलं. ते बघणं अजून जात नाय."

"माझंही जात नाही."

"हं," ती म्हणाली. माफ केलं असं म्हणाली नाही. मीही माफ कर म्हणाले नाही. माझ्या अंगावरचं ओझं उतरवायचं काम मी तिच्याकडे द्यावं, असं मला वाटेना. तिने परातीवर ओलं फडकं टाकलं, मुलीला आत बोलावलं आणि तिचे भिजलेले कपडे बदलायला घेतले. मला म्हणाली, "चारची गाडी गेली तर पाचची हाय. बस जरा." मी पाचच्या गाडीने आले.