सेनापतीचं उरलेलं अर्धं आयुष्य

एका सेनापतीचं चरित्र मी अर्धंच वाचलं आणि तेवढ्या भांडवलावर भाषण ठोकलं. तेही स्वतःची नोकरी वाचवायला.

जुबैलमधले ते सौदीकरणाचे दिवस. कंपनीत सौदी माणसं किती, यावरून सरकार तिला हिरवा, पिवळा नाहीतर लाल रंग द्यायचं. कारखान्यांचे पंप दुरुस्त करणारी बापलेकांच्या मालकीची आमची छोटी कंपनी पिवळ्यात लटकलेली. महिन्या-दोन महिन्यांनी आमच्यातला कुणीतरी पासपोर्टावर 'फायनल एक्झिट'चा शिक्का घेऊन कायमचा घरी जायचा. माझा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, संपत आला होता आणि मुलगी नुकतीच दहावीत गेली होती. माझा शिक्का म्हणजे बायकोचा आणि तिचाही शिक्का. बोर्डाच्या वर्षात मधूनच उठून नाशिकला कुठल्या शाळेत घालणार? मार्चपर्यंत कसंही करून टिकायचं होतं.

त्यातच म्हातारे मालक घरी बसले आणि परदेशात शिकून आलेला मुलगा त्यांच्या खुर्चीवर आला. त्याच्या स्वागताला बैठकीच्या खोलीत, म्हणजे मजलिसमध्ये, मटण-भाताचा कब्सा ठेवला होता. सगळ्यांत जुना माणूस म्हणून दोन शब्द बोलायची आज्ञा मला झाली.

त्याच आठवड्यात मुलीचा इतिहासाचा प्रकल्प होता. चार्टवर कागद चिकटवायचं काम माझं. (घरात माझ्यावर एवढंच सोपवतात.) चिकटवता चिकटवता मी वाचू लागलो. मॅसिडोनियाचा एक म्हातारा सेनापती. आधी राजाच्या पदरी लढला, मग जग जिंकायला निघालेल्या त्याच्या मुलाच्या पदरी. मोठ्या लढाईत हा डावी बाजू धरून उभा. शत्रूचा रेटा याने सोसायचा आणि राजाने उजवीकडून घोडा फेकून लढाई जिंकायची. मला भरूनच आलं. हा तर मी! एकवीस वर्षं पंपांची गळती मी थांबवली आणि फोटोत कायम दुसराच कुणीतरी. तेवढ्यात डिंक संपला. मी डिंक आणायला खाली गेलो आणि सेनापतीचा उत्तरार्ध टेबलावरच राहिला.

मजलिसमध्ये मी इंग्रजीत सुरुवात केली. "त्या सेनापतीने बापाची सेवा केली, मग मुलाची केली. साहेब, मी तुमचा तो सेनापती आहे!"

शेजारून आमचा रत्नागिरीचा स्टोअरकीपर कुजबुजला, "साहेब, आटपा आता. कब्सा थंड होतोय."

मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. नवा मालक मात्र कान देऊन ऐकत होता. त्याने हसून विचारलं, "आणि पुढे काय झालं त्याचं?"

आता पुढचं मला कुठे माहीत! पण बोलणाऱ्याने थांबू नये, असं माझं मत. मी म्हणालो, "राजाने त्याला नदीकाठी एक बाग दिली. तिथे तो सुखात म्हातारा झाला."

मालकाच्या भुवया जरा वर गेल्या. टाळ्या झाल्या. त्या कब्सासाठी होत्या, हे मला मागाहून समजलं.

घरी येऊन मी हे सगळं ऐटीत सांगितलं. मुलीने पेन खाली ठेवलं. "पापा, आपने पूरा नहीं पढ़ा?"

"का गं?"

"किंग ने उसको मरवा दिया. पहले उसके बेटे को, फिर उसको. एक दोस्त के हाथ लेटर भेजा. अरब कपड़ों में, ऊँट पर आया था वो. ये खुश होकर लेटर पढ़ रहा था, तभी मार दिया."

बायको शांतपणे पोळी लाटत होती. "म्हणजे तुम्ही स्वतःच जाऊन त्याला आठवण करून दिलीत," ती म्हणाली. मग उठून तिने माळ्यावरची मोठी बॅग खाली काढली. धूळ पुसायला म्हणून.

तिसऱ्या दिवशी वर्कशॉपच्या दारात गाडी थांबली. उतरला तो आमचा मंदूब. सरकारी कचेऱ्यांत कंपनीची कागदपत्रं नेणारा-आणणारा हा सौदी, माझा जुना दोस्त. पांढराशुभ्र पायघोळ थोब, हातात लिफाफा. मागे तशाच थोबातले दोन अनोळखी, धिप्पाड तरुण. त्याने मला मिठी मारली, दोन्ही गालांना गाल लावले आणि लिफाफा पुढे केला.

"यल्ला, वाच! आत्ताच वाच!"

ते दोघे माझ्या दोन बाजूंना येऊन उभे राहिले. मी मागे सरकत सरकत व्हॉल्व्हच्या रॅकला पाठ टेकवली. लिफाफा फोडायला हात धजेना. मंदूबला वाटलं, मला चक्कर आली. त्याने पाणी मागवलं.

त्याच गाडीतून मालकही आला होता. रॅकला चिकटलेला मी, हातातला बंद लिफाफा आणि ते दोन गोंधळलेले तरुण पाहून त्याला सगळं उमगलं असावं. तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग त्यानेच लिफाफा फोडून पत्र माझ्यासमोर धरलं. माझा इकामा एक वर्षासाठी वाढवला होता. त्या वर्षात या दोघांना पंपांचं सगळं काम शिकवायचं. त्यानंतर माझी जागा त्यांची.

एक वर्ष! म्हणजे मार्च आत आला. मी मनातल्या मनात बॅग पुन्हा माळ्यावर टाकली आणि खरं ते सांगून टाकलं. "मी शेवट वाचला नव्हता, साहेब."

"ते बाग ऐकली तेव्हाच कळलं," तो म्हणाला. "पण घाबरलात कशाला, इंजिनिअरसाहेब? राजाने त्याला मारलं, कारण अर्धं सैन्य त्याच्या शब्दावर उठलं असतं. तुमचं तर स्टोअरकीपरसुद्धा ऐकत नाही."