सव्वाशे घरांची एक गाय

आमच्या गोठ्याच्या मागच्या भिंतीला चिकटूनच सोसायटीची भिंत आहे. मधे हातभर बोळ, त्यातून मांजर जाईल, माणूस नाही जाणार. सोसायटी उभी आहे ती जमीन आमचीच. तिथं कांदा व्हायचा, ज्वारी व्हायची, बांधावर बोरी होत्या. विकली आम्हीच. कुणी मानेवर पाय देऊन घेतली नाही, म्हणून त्याबद्दल मी कुणाला बोल लावत नाही. आमच्या महाळुंगे गावाच्या चारी अंगांनी कंपन्या आल्यावर शेताला पाणी राहिलं नाही, गडी मिळेना, आणि माझे मालक तोवर थकले होते. ते गेले, मग जमीनही गेली. राहिलं ते घर, पुढचं अंगण आणि गोठा. गोठ्यात तीन जनावरं. एक म्हैस, एक तांबडी गावठी गाय आणि तिची दोन महिन्यांची कालवड.

सोसायटीत तीन इमारती, सव्वाशे घरं. माणसं कुठकुठली, मुंबईची, नागपूरची, दिल्लीकडची सुद्धा. पहिल्या वर्षी सगळी हौसेनं खिडकीतून बघायची. लहान मुलं गाईकडं बोट दाखवून वरनं ओरडायची, "आजी, काऊ!" दुसऱ्या वर्षी खिडक्या लागल्या. तिसऱ्या वर्षी पंचायतीत अर्ज गेला की गोठ्याचा वास येतो, माशा होतात, गाय पहाटे हंबरते, आणि भिंतीला शेण थापलेलं असतं ते दिसायला बरं दिसत नाही. शेण थापलेलं म्हणजे माझ्या गोवऱ्या. भिंत त्यांची होती हे खरं, बोळ संपून अंगणाकडं येते ती, पण उन्हाची बाजू तीच ना. मी लगेच काढल्या. वासाचं काय करणार? दोनदा गोठा धुवायची, चुन्याची पूड टाकायची, संध्याकाळी कडुनिंबाचा धूर करायची. तर धुराची वेगळी तक्रार आली.

अर्जाचं मला सांगितलं ते तिथल्याच एका बाईनं. मी तिला मॅडम म्हणायची, ती मला आजी. मुंबईची, चाळिशीची, घरी बसून कॉम्प्युटरवर नोकरी करायची आणि रोज लिटरभर दूध माझ्याकडून न्यायची. दारात किटली धरून म्हणाली, "आजी, त्या अर्जावर माझीपण सही आहे हं. मी खोटं नाही बोलणार. मला बेडरूमची खिडकी उघडताच येत नाही."

मी म्हणलं, "सही केली आन् दूध बी न्यायला आली?"

"दूध चांगलं आहे ना पण," ती म्हणाली, आणि आम्ही दोघीही हसलो. तोंडावर सांगितलं म्हणून मला ती बाई आवडली. अजून आवडते. हे पुढचं वाचताना लक्षात असू द्या.

माझा मुलगा जवळच्या एका सुट्या भागांच्या कंपनीत आहे, शिफ्टमधे. त्याचं कधीपासून चाललं होतं की गोठा पाडू, तिथं कामगारांना भाड्यानं द्यायला खोल्या काढू. अर्ज आल्यावर त्याला बरंच झालं. "आई, तीन जनावरांसाठी सव्वाशे घरांशी भांडण कशाला? आणि गुडघे बघ तुझे."

गुडघ्यांचं खरं होतं. पण लग्न होऊन आले तेव्हापासून माझा दिवस गोठ्यात उघडायचा. तोंड धुवायच्या आधी गाईच्या पाठीवर हात. मालक गेले त्या दिवशीसुद्धा धार मीच काढली, कारण जनावराला कळत नाही ना घरात कोण गेलंय, त्याची कास भरते ती भरतेच. गोठा गेला की सकाळी उठून मी करायचं काय, हे मला कुणी सांगत नव्हतं. सून म्हणायची, टीव्ही बघा. पंचायतीतले म्हणाले, दिवाळी होऊ द्या, मग बसून ठरवू. म्हणजे माझ्या हातात दिवाळीपर्यंतचे दिवस होते.

आणि दिवाळीला आठवडा असताना मॅडम आली. "आजी, यंदा आपण सोसायटीत वसुबारस करू या. तुमची गाय-वासरू आणाल का? मी कमिटीला विचारलंय, सगळ्या खूश आहेत. एकदा लोकांनी गाईला हात लावला, पूजा केली ना, की कुणाची तक्रार करायची हिंमत होणार नाही. बघा तुम्ही."

मला ते पटलं. इतकं पटलं की त्या दिवशी मी भाकरी दोन जास्त खाल्ल्या. ज्या गाईच्या पायावर पाणी घातलं तिलाच हाकला म्हणून उद्या कोण सही करणार? मुलगा म्हणाला, "बघ हां, जाईल आत आणि फ्लॅटच मागंल." म्हणलं, मागू दे.

वसुबारसेला दुपारीच तिला धुतली. शिंगांना रंग लावला, झेंडूची माळ घातली, मालकांच्या वेळची झूल काढून पाठीवर टाकली. कालवडीच्या गळ्यात घुंगरू बांधलं. गेटवर वॉचमन बिहारकडचा. त्याच्यापुढं वही. विचारायला लागला, "किसके यहाँ जाना है?"

मी म्हणलं, "समद्यांकडंच."

तो हसला. त्यानं वहीत काय लिहिलं देव जाणे, पण लिहून झाल्यावर बाहेर आला आणि गाईच्या वशिंडावर हात फिरवून म्हणाला, "अम्मा, हमारे घर भी है." मग आम्हाला आत सोडलं. जिथं आमचा कांद्याचा वाफा होता तिथं आता फरशी आहे, त्यावर मोठी रांगोळी काढली होती. गाय फरशीवर पाय टाकायला भ्याली. मी पुढं झाले तशी आली माझ्यामागं.

आता एक सांगते, कारण सगळं त्यातच आहे. आमच्या गावात वसुबारसेला घरटी गाय असायची. एका घराचा निवद एका गाईला. बाजरीची भाकरी, गवारीची भाजी, एक घास, झालं. ज्याच्या दावणीला गाय नाही तो शेजारच्या गाईला हळदकुंकू लावायचा, पानावर दोन शेंगा ठेवायचा. इथं घरं सव्वाशे, आणि गाय एक. हे मी घरून निघताना एकदाही मनात आणलं नाही. सत्तरी आली, जन्म जनावरांत गेला, आणि एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही.

पहिली मॅडम. तिनं मला आधी विचारून भाकरी आणि गवारच आणली होती, एक घास दिला. तिच्यामागं रांग. काय काय आणलं होतं त्यांनी! कणकेचे गोळे गुळात मळलेले, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, चपातीचे लाडू, शिरा, भात, मुलांच्या हातात बिस्किटं. सगळ्या नटून आलेल्या, हात जोडत होत्या, गाईच्या कपाळाला डोकं लावत होत्या. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं, तिला तिची आजी आठवली म्हणे. खोटं नव्हतं त्यात काही. गाय आपली खातच होती. कडबा आणि मक्याच्या वैरणीवर वाढलेलं जनावर, गोड कणीक कशाला सोडेल? जीभ लांब काढून घेत होती. मुलं टाळ्या वाजवत होती.

चार-पाच ताटं झाल्यावर मी म्हणलं, "बाई, थोडंच द्या, जरासं. लई झालं तर सोसत न्हाई तिला."

पुढची म्हणाली, "आजी, सगळ्यांचं घेतलं आणि आमचंच नको का? सकाळपासून उपाशी आहे मी."

मागून कुणीतरी म्हणालं, "गोमाता आहे, तिला काय होतंय?" परत रांग सुरू.

थांबवायला हवं होतं. दावं धरून मी चालू लागले असते तर कोण आडवं येणार होतं? मी त्याच विचारात होते, तेवढ्यात सहाव्या मजल्यावरचे साहेब आले. अर्ज लिहिणारे तेच. पंचायतीत माझ्याकडं न बघता बोलले होते. आता पायातल्या चपला काढून, बायकोच्या शेजारी उभे राहून, त्यांनी गाईच्या पायावर पाणी घातलं. बायकोच्या हातात पातेलंभर कणीक होती. साहेब मला म्हणाले, "चालेल ना आजी?"

त्या गृहस्थाच्या तोंडून पहिल्यांदा आजी ऐकलं. माझ्या मनात आलं, अर्ज फाटला. आणि मी म्हणलं, "चालंल की. द्या." पातेलं रिकामं झालं. त्यानंतरच्यांना कुठल्या तोंडानं नको म्हणणार होते? शेवटच्या ताटापर्यंत मी दावं धरून उभी राहिले, हसत. लोकांनी माझेसुद्धा फोटो काढले.

घरी आणल्यावर ती रवंथ करेना. मी म्हणलं दमली असेल, माणसं बघून बावरली असेल. स्वतःशीच बोलत होते. सकाळी बघते तर डावी कूस फुगून ढोलासारखी, कान गार, डोळे आत गेलेले. कालवड कासेला ढुशा देतीय आणि ही हलत नाही. सोडा पाजला, गोडं तेल पाजलं, मुलानं कामावर खाडा केला, चाकणवरून जनावरांचा डॉक्टर आणला. डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि विचारलं, "काय खाल्लं हिनं?"

मी म्हणलं, "निवद."

"किती?"

मी मुलाकडं बघितलं. मुलानं सांगितलं. डॉक्टर सलाईनची बाटली वर टांगत हळूच म्हणाले, "आजी, कणीक पोटात आंबते हे तुम्हाला मी सांगायचं का?" नव्हतंच सांगायला पाहिजे. उन्हं कलायच्या आत ती गेली. मान माझ्या मांडीवर टाकायची इच्छा होती तिची, पण उचलली नाही तिला.

आमच्यात घरची गाय गेली की आपल्याच बांधाला पुरतात. मालकांनी अशा चार पुरल्या होत्या बोरीखाली. मुलगा अंगणात उभा राहून इकडं तिकडं बघत होता. मी विचारलं, "काय बघतो?" म्हणाला, "जागा बघतोय." जागा नव्हती. अंगणाला फरशी, पुढं डांबरी, मागं सोसायटी. शेवटी मेलेली जनावरं नेणारी गाडी बोलवावी लागली. पायाला दोर बांधून तिला ओढून वर घेतली. सोसायटीच्या गच्च्यांतून माणसं बघत होती. काही जणांनी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी मॅडम आली. दारातच रडायला लागली. मी तिला आत घेतली, पाणी दिलं. म्हणाली, "आजी, ग्रुपवर खूप घाण चाललंय. कुणीतरी लिहिलंय की गाय आधीपासूनच आजारी होती, गोठा अस्वच्छ आहे, आणि आपल्या मुलांनी तिला हात लावला. नवा अर्ज करतायत."

"तू सांगितलं न्हाई का, कशानं गेली?"

"सांगितलं. म्हटलं, इतक्या खाण्यामुळं झालं."

"मग?"

ती खाली बघून म्हणाली, "ते म्हणाले, प्रसादानं कुणी मरतं का?"

वाईट माणसं असती तर भांडले असते. त्यांनी तर आपल्या घासातलं काढून दिलं होतं. आणि शेवटी 'द्या' म्हणणारी मीच.

नव्या अर्जावर पहिल्यापेक्षा जास्त सह्या होत्या. मॅडमची नव्हती. एका सहीनं काय होतंय? पंचायतीत मी गेलेच नाही. मुलगा जाऊन कागदावर अंगठा नाही, चांगली सही करून आला, गोठा बंद म्हणून. म्हैस बाजारात गेली. कालवड बाटलीनं दूध पाजून महिनाभर जगवली आणि वाडा गावाकडं, डोंगरात, धाकट्या बहिणीकडं धाडली. आहे म्हणे चांगली. मी बघायला गेले नाही. गोठ्याच्या जागी खोल्या झाल्या. बीडची, नांदेडची पोरं-पोरी राहतात, शिफ्टला जातात येतात. सोसायटीतल्या खिडक्या मात्र अजून बंदच असतात. आता म्हणे पत्र्यावर मुलं मोबाईलची गाणी मोठ्यानं लावतात.

यंदाच्या वसुबारसेला दुपारी सोसायटीच्या गेटवर एक टेम्पो आलेला बघितला. मागं गाय-वासरू, पांढरं शुभ्र, शिंगाला रिबिनी. मी तशीच अनवाणी गेले. मॅडम बदली होऊन बंगळूरला गेली, आता कमिटीत दुसऱ्या बायका आहेत. त्यातल्या एकीला म्हणलं, "ताई, कणीक नका देऊ तिला. एक-दोन घास, बास. मागं काय झालं ठाऊक हाय ना?"

ती चांगल्याच आवाजात म्हणाली, "आजी, तुम्ही अजून तेच धरून बसलात? सणाच्या दिवशी असं अभद्र बोलू नये."

मग टेम्पोवाल्याला गाठलं. पोरगा आळंदीकडचा. म्हणलं, "बाबा, तुझ्या हातात दावं हाय, तू तरी आवर. मरंल रे ती."

तो फळका खाली सोडत होता. माझ्याकडं बघून म्हणाला, "मावशी, मला समजत न्हाई व्हय? पण न्हाई म्हणलं की पुढच्या वर्षी दुसऱ्याला बोलवत्यात. आन् ह्यानंतर आकुर्डीला दोन सोसायट्या अजून बाकी हायत."

गाय फळीवरून उतरली. फरशीवर पाय टाकायला भ्याली, तसं त्यानं मागून ढकललं. ती आत गेली, वासरू गेलं, आणि वॉचमननं गेट ओढून घेतलं.