बाटली काढू नका

नर्सने पट्टी सोडली आणि सुईच्या जागेतून पू आला. माझा धाकटा भाऊ भिका खाट हलेल इतका कुडकुडत होता आणि अंग मात्र तव्यासारखं तापलेलं. डॉक्टर म्हणाले, जंतू रक्तात गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. त्याला आता महिना होत आला...

पोटातला अल्सर फुटला म्हणून त्याला सुरतेच्या इस्पितळात नेलं होतं. ऑपरेशन चांगलं झालं. जास्त आजारी माणसांच्या खोलीत ठेवलं, हाताला सलाईन लावलं. भिका सुरतेतच, पांडेसरा भागातल्या कारखान्यात कापड रंगवायचा, लाल रंगाच्या हौदावर. हात कोपरापर्यंत कायम लाल, साबणाने जात नसत. बायको सुमन म्हणायची, "पंगतीत लोकांना वाटतं, हा बोकड कापून आला." चिडायचा नाही. गावाकडच्या कितीतरी पोरांना त्याने सुरतेत कामाला लावलं. म्हणूनच सगळे भेटायला आले, डिंडोलीहून, भेस्तानहून, कामाची पाळी सुटली की तसेच. प्रत्येकाने त्याचा सलाईन लावलेला तोच हात हातात घेतला. आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, "किती बाटल्या चढल्या?"

आमच्या खानदेशात आजारी माणसाची किंमत बाटल्यांवरून ठरते. बाटली लावली म्हणजे इलाज चालू, काढली म्हणजे डॉक्टरने हात टेकले. त्यामुळे नर्स सुई काढायला आली तेव्हा सुमन तिच्या आडवी उभी राहिली.

"मोढेथी पाणी पीए छे, बेन. हवे बाटलानी जरूर नथी," नर्स समजावत होती. तो तोंडाने पाणी पितो, आता गरज नाही.

"आम्ही गरीब म्हणून काढता का? बाटली काढू नका!"

मी म्हटलं, "सुमन, ऐक तिचं." तर चुलतभाऊ माझ्यावरच उसळला, "ताई, सख्खा भाऊ आहे ना तुमचा?" सगळ्यांनी खाटेला गराडा घातला. डॉक्टर तरुण होता, थकलेला होता. म्हणाला, राहू द्या. मग पुढचे काही दिवस सुई तीच, जागा तीच.

भिका हसत होता. "गुजरातमा बाटली बंद शे, अन् माले सरकारी बाटली चालू शे!" त्याचं शेवटचं हसणं ते.

पुढे एका सकाळी म्हणाला, "ताई, मना हात जड पडी गया." मी हात पाहिला, नर्सनेही पाहिला. लाल होता. पण तो तर नेहमीच लाल असायचा... संध्याकाळी थंडी भरली.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं, ऑपरेशनने अंगात ताकद उरलेली नसते, सुई गरजेपेक्षा जास्त दिवस राहिली आणि तिथे इतके हात लागले. आता नातेवाईक म्हणतात, सुमनने नवऱ्याला मारलं. माझ्यासमोर कोणी म्हणालं तर मी त्याला घराबाहेर काढते. बाटल्या मोजायला तीच माणसं आली होती.  सुमनची मी काय समजूत घालणार? नर्सचं ऐकलं असतं तर तो आज हौदावर असता, हे तिलाही कळतं.

शेजारच्या खाटेवर ओरिसाचा एक मजूर होता. त्याचंही पोटाचंच ऑपरेशन. सुरतेत त्याचं कोणी नव्हतं, भेटायला कोणी आलं नाही. नर्सने त्याची सुई काढली तेव्हा कोणी अडवलं नाही. तो जगला.