थेल्मा सग्डनने लावलेली पाटी

आमच्या खोपट्यात पुतळे आणून बसवले, त्या दिवसापासून माझं डोकं जे फिरलं ते अजून जागेवर आलेलं नाही.

दोन पुतळे होते. एकाच्या हातात फावडं, दुसऱ्याच्या हातात मग आणि मगात रंगवलेला चहा. दाराला नवी काच, बाहेरून कुलूप, शेजारी फलक: ‘जुन्या काळचे रूळ-कामगार विश्रांती घेताना’. आणि आत्ताच्या काळचे रूळ-कामगार, म्हणजे आम्ही, बाहेर भुरभुर बर्फात उभे राहून थर्मासातला कोमट चहा पीत त्या दोघांची विश्रांती बघत होतो. संग्रहालयाच्या पगारी मॅनेजरला, डॉमिनिक प्रिंगलला, यात काही वावगं दिसलं नाही. आम्हालाही काचेतून छान दिसतंय ना, एवढंच त्याने विचारलं.

क्रॅगबेकचं रेल्वे संग्रहालय म्हणजे दरीतून जाणारी जुनी लाइन, शेडमध्ये चार वाफेची इंजिनं आणि फुकट राबणारे आम्ही. नाताळच्या गाड्या संपल्या की ईस्टरपर्यंत लाइन बंद, आणि तोच आमचा खरा हंगाम. रुळांखालचे कुजलेले लाकडी स्लीपर उपसून नवे घालायचे, रूळ आवळून धरणाऱ्या सैल झालेल्या चाव्या ठोकायच्या, रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटी उघडून ग्रीस लावायचं, खडी दाबून रूळ सपाटीला आणायचे, तुंबलेले चर मोकळे करायचे. शेडमधली मंडळी इंजिनांतलं आणि डब्यांच्या नळ्यांतलं पाणी थेंब न ठेवता काढून टाकतात, नाहीतर एका कडक थंडीत बिडाचे पंप तडकतात. उन्हाळ्यात आइस्क्रीम खात गाडीत बसणाऱ्यांना यातलं काही माहीत नसतं. नसेना का, आम्ही त्यांच्या कौतुकासाठी करत नाही.

या टोळीत थेल्मा सग्डन ही एकटीच बाई. सत्तरी ओलांडलेली, बुटकी, आणि आवाज दरीच्या त्या टोकाला ऐकू जाईल असा. उभा जन्म गोठवलेल्या कोंबड्यांच्या कारखान्यात पॅकिंगवर काढलेला. नवरा वारल्यावर नणंदेने तिला विणकामाच्या वर्गाला घातलं. दुसऱ्याच आठवड्यात तिथल्या बाईंशी भांडून ती बाहेर पडली आणि त्या शनिवारी नवऱ्याचं फावडं खांद्यावर टाकून आमच्याकडे आली. आमचा मुकादम रेमंड टॅटरसॉल, हा पूर्वीचा पोस्टमन, त्याने विचारलं की रेल्वेच्या कामाची काही सवय आहे का. थेल्मा म्हणाली, “जन्मभर मेलेल्या कोंबड्या भरल्यात, सोन्या. तुमचे स्लीपर निदान टपकत तरी नाहीत.”

ती सगळ्यांनाच सोन्या म्हणायची, चिडली की जरा जास्तच. ती फार गुणाची होती असं मात्र मी म्हणणार नाही. डॉमिनोजच्या सोंगट्यांच्या खेळात सर्रास लबाडी करायची. दुसऱ्याच्या डब्यातलं पोर्कचं सँडविच न विचारता उचलायची आणि वर त्यात मीठ कमी आहे म्हणून सांगायची. तिची चूक दाखवली तर दिवसभर तोंड फुगवून बसायची. पण पाऊस असो, चिखल असो, शनिवार चुकवायची नाही. घरी चार दिवस तिच्याशी कोणी बोलणारं नसायचं, आणि इथे आम्ही तिचं बोलणं थांबवू शकत नव्हतो.

तिची अडचण एकच होती, बोटांची. कारखान्यातल्या थंडीने ती कायमची बिघडली होती. गारठा लागला की आधी पांढरीफटक पडायची, मग जांभळी, आणि मग हातात हातोडा आहे की नाही तेही तिला कळायचं नाही. त्याला औषध म्हणजे खोपटं. लाइनच्या मध्यावर जुन्या स्लीपरांचं बांधलेलं, आत शेगडी, भिंतीला बाक. थोडं काम झालं की थेल्मा आत जायची, शेगडीसमोर हात धरून बसायची, बोटं लाल झाली की शिव्या देत बाहेर यायची. तेवढ्यात किटली उकळलेली असायची, म्हणून कोणी तक्रार करत नसे. हत्यार धरता येत नसेल त्याने रुळावर यायचं नाही हा आमच्याकडचा नियम आहे, आणि खोपट्याच्या जोरावर थेल्मा तो पाळत होती.

आता ते खोपटंच पुतळ्यांना दिलं होतं. रेमंड मॅनेजरकडे गेला, मीही बरोबर गेलो. आम्ही नीट सांगितलं की ती जागा वापरात आहे, आणि एका बाईचं सगळं काम त्या शेगडीवर चालतं. डॉमिनिकने मान डोलावत ऐकून घेतलं. मग म्हणाला की पाहुण्यांना इतिहास दिसला पाहिजे, आणि जिथे डबे उघडे पडलेत, मोजे वाळत घातलेत, तिथे त्यांना इतिहास कसा दिसणार? थेल्माबाईंना थंडी सोसत नसेल तर त्यांनी दुकानात पोस्टकार्डं विकावीत, तिथे हीटर आहे. हा माणूस आमच्याकडे येण्याआधी कुंड्या आणि बागेतली बाकं विकायचा. कधी रुळावर वाकला नाही, एक चावी ठोकली नाही, आणि रूळ-कामगार कसे बसायचे हे आम्हाला शिकवणार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढचा शनिवार फार वाईट गेला. थेल्मा काखेत हात घालून, तोंडाने फुंकर मारून बोटं ऊब धरतात का बघत राहिली. दुपारी तिच्या हातून पहार निसटली आणि रेमंडच्या बुटाशेजारी पडली. रेमंडने पहार उचलली, बाजूला ठेवली आणि तिला म्हणाला की थेल्मा, हे असं चालणार नाही. चहाच्या वेळी ती मला म्हणाली, “खोपटं गेलं की मी गेले, सोन्या. पोस्टकार्डं विकायला मी अजून मेलेली नाही.”

आता पाटीचं सांगतो. रुळावर कोणी काम करत असेल तर दोन रुळांच्या मधोमध लाल पाटी उभी करायची, तिच्यावर खडूने आपलं नाव लिहायचं. ड्रायव्हरला पाटी दिसली की गाडी उभी. आणि ज्याने लावली, त्यानेच ती काढायची. मॅनेजर असो की ट्रस्टी, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. एकदा एक गडी पाटी लावून विसरला आणि सासऱ्याच्या वाढदिवसाला निघून गेला. रूळ ठणठणीत आहे हे सगळ्यांना दिसत होतं, तरी इंजिन तिथेच उभं राहिलं. जावईबापूंना केकपुढून उठवून आणलं तेव्हा ती पाटी निघाली. बाहेरच्या लोकांना हा वेडेपणा वाटतो, पण आम्ही सगळे त्या पाटीच्या भरवशावर गाडीकडे पाठ करून काम करतो.

फेब्रुवारीत डॉमिनिकने देणगीदारांसाठी खास गाडी काढली, लाइन बंद असताना. रेमंडने आदल्या दिवशी सगळा रूळ चालून तपासला आणि मोकळा दिला, आम्हाला सुट्टी दिली. मी गार्ड म्हणून शेवटच्या डब्यात होतो. थंडीमुळे डब्यांच्या वाफेच्या नळ्या रिकाम्या केलेल्या, त्यामुळे आत बाहेरच्याइतकाच गारठा. देणगीदार भारी कोटांत कुडकुडत होते आणि डॉमिनिक त्यांना पुतळ्यांचं वर्णन करून सांगत होता. खोपट्याच्या अलीकडे गाडी करकचून थांबली.

रुळाच्या मधोमध लाल पाटी, तिच्यावर खडूने ‘थेल्मा’. आणि पलीकडे खोपट्याच्या पायरीवर स्वतः थेल्मा, काखेत हात घालून.

डॉमिनिक खाली उतरला, तरातरा गेला, पाटी उपटून खडीवर टाकली आणि ड्रायव्हरला पुढे चलायची खूण केली. ड्रायव्हर होता कीथ बॅनिस्टर, कमी बोलणारा माणूस. तो इंजिनातून वाकून म्हणाला, “ती पाटी तुम्ही लावली होती?”

“नाही, पण मी इथला मॅनेजर आहे.”

“मग जिथली तिथे ठेवा.”

डॉमिनिक हसला, मग रागावला, मग पगारी माणूस आणि हौशी माणूस यांतला फरक समजावून सांगू लागला. कीथने कोळशाच्या ढिगाकडे तोंड करून सँडविच काढलं आणि खायला लागला. शेवटी सगळ्या देणगीदारांच्या डोळ्यांदेखत डॉमिनिकला ती पाटी स्वतःच्या हाताने परत उभी करावी लागली. मी डब्याच्या दारात उभा राहून पोटभर हसलो, खोटं कशाला सांगू?

मग कीथ खाली उतरून थेल्माकडे गेला. मीही पाठोपाठ गेलो.

“रूळ तुटलाय का, थेल्मा?”

“नाही.”

“चावी सुटलीय?”

“नाही. खोपटं बंद आहे.”

कीथ तिच्याकडे बघत राहिला. मग फिरला आणि इंजिनात जाऊन बसला. तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं नाही, मी डॉमिनिकची फजिती बघण्यात गर्क होतो.

गाडी हलेना आणि गारठा सोसेना, तेव्हा देणगीदारांनीच विचारलं की समोरच्या त्या खोलीत शेगडी आहे ना? डॉमिनिकला कुलूप काढावं लागलं. जागा करायला दोन्ही पुतळे उचलून बाहेर बर्फात ठेवावे लागले. थेल्माने शेगडी पेटवली, किटली चढवली. एक म्हातारी देणगीदार शेगडीकडे पाय करून बसली आणि तिने विचारलं की हे इतकं छान ठिकाण एरवी कोणासाठी असतं. थेल्मा म्हणाली, “पुतळ्यांसाठी, सोन्या. आम्ही बाहेर उभं राहून त्यांच्याकडे बघतो.” म्हातारीने डॉमिनिककडे असं पाहिलं की त्याने लगेच वारा पाहून पाठ फिरवली. खोपटं पुन्हा कामगारांना द्यायचं हे आधीपासूनच त्याच्या मनात होतं म्हणे, जिवंत इतिहास म्हणून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. थेल्मा बाहेर गेली, पाटी काढली, काखेत मारली, आणि गाडी सुटली.

पुढच्या शनिवारी मी जिंजर केक घेऊन गेलो. कुलूप नव्हतं, शेगडी लाल झाली होती, थेल्मा आपल्या जागेवर बसून डॉमिनोज मांडत होती. कीथही आला होता, तो एरवी रुळाच्या लोकांत येत नाही. रेमंड उभाच राहिला. म्हणाला, “थेल्मा, तुझं कार्ड दे.”

रुळावर चालायची परवानगी म्हणजे ते कार्ड. ते गेलं की माणूस पाहुणा. मला वाटलं रेमंड गंमत करतोय. मग वाटलं, डॉमिनिकने त्याला पुढे केलंय, आणि मी तसं तोंडावर म्हणालोही. रेमंड म्हणाला की डॉमिनिकला यातलं काही माहीत नाही, त्याला कळणारही नाही.

“तुझ्यावर फार अन्याय झाला, थेल्मा, मला ठाऊक आहे,” तो म्हणाला. “पण तुझी पाटी खोटं बोलली. आता कीथला पुढची पाटी दिसेल तेव्हा त्याच्या मनात येईल, ही खरी की भांडणाची? एवढं मनात येईस्तोवर गाडी माझ्या पाठीवर आलेली असेल.”

मी भांडलो. म्हणालो की ज्याने हा सगळा घोळ केला तो माणूस खुर्चीत बसून टाळ्या घेतो, पुतळे ठेवतो, पाटी उपटतो, त्याचं काही वाकडं होत नाही, आणि शिक्षा कोणाला, तर जिच्या बोटांत जीव नाही तिला? चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. मी कीथला विचारलं, तू तरी सांग, तू थांबणार नाहीस का पाटीला? कीथ जमिनीकडे बघत म्हणाला की थांबेन, पण त्या दिवशी थांबलो तसा नाही. मला याचाच सगळ्यात जास्त राग आहे, की माझ्याजवळ त्यावर बोलायला काही उरलं नाही.

थेल्माने सोंगट्या डबीत भरल्या. कोटाच्या आतून कार्ड काढून बाकावर ठेवलं. रेमंडने काही म्हणायला तोंड उघडलं तर म्हणाली, “पोस्टकार्डांचं नाव काढलंस तर फावड्याने मारीन.” मग शेगडीत दोन ढेकळं कोळसा टाकला आणि निघाली.

स्टेशनकडे जायला लाइनच्या कडेने सरळ पायवाट आहे, आम्ही सगळे तिनेच जातो. थेल्माने त्या वाटेशेजारचा प्रत्येक स्लीपर कधी ना कधी हाताने दाबलेला. पण तिच्याकडे आता कार्ड नव्हतं. ती वळली आणि कुंपण ओलांडून मेंढ्यांच्या शेतातून, चिखलातून, लांबच्या वाटेने चालू लागली. आम्ही उबेत बसून खिडकीतून बघत होतो. शेताच्या फाटकाशी ती थांबली. कडी लावायला तिची बोटं चालेनात. हातमोजे काढले, हात तोंडाशी नेले, पुन्हा लावून बघितलं, पण जमेना.

रेमंड उठून गेला. त्याने कडी लावली. दोघं फाटकाच्या दोन बाजूंना उभे होते. मग ती पुढे गेली, तो परत आला, दार लावून बाकावर बसला. किटली उकळत होती आणि ती उतरवायला कोणी उठेना.