हात फिटेपर्यंत फैजपूर

धुळ्यापर्यंत फुकट गाडी मिळाली म्हणून मी निघालो, नाहीतर आणखी आठवडाभर तिकिटांचे दर बघत बसलो असतो. ओळखीचे एक गृहस्थ पुण्याहून लग्नाला धुळ्याला चालले होते आणि त्यांच्या गाडीत एक जागा रिकामी होती. रिकामी जागा वाया जाताना मला बघवत नाही. बायको मंदा म्हणाली, "एप्रिलच्या उन्हात खानदेशात जायचं, तर निदान आरामात तरी जा." मी तिच्याकडून पोळ्या आणि कोरडी चटणी बांधून घेतली, घरच्या माठाचं पाणी दोन बाटल्यांत भरलं आणि निघालो.

काम सरळ होतं. माझी थोरली बहीण सुमनअक्का सरकारी दवाखान्यात नर्स होती. फैजपूरला बदली झाली आणि ती तिथलीच झाली. लग्न केलं नाही, निवृत्त झाल्यावरही गाव सोडलं नाही. होळीच्या सुमारास ती न्हाणीघरात घसरली आणि उजवं मनगट मोडलं. पुन्हा पडली तर, या विचारानं माझी झोप उडाली होती. तिला कायमचं पुण्याला आणायचं असं घरात ठरलं. रविवारची भुसावळ ते पुणे दोन आरक्षणं खिशात होती. ती बदलावी लागू नयेत एवढीच माझी इच्छा होती.

धुळ्याच्या बसस्थानकावर पंख्याखालच्या सगळ्या जागा भरल्या होत्या. तशीही मला एका जागी बसायची सवय नाही. मी फलाटावर येरझाऱ्या घालत होतो, तेव्हा बोचक्यावर बसलेली एक म्हातारी म्हणाली, "आबा, बठा ना! तुमनी चकरा मारीसन गाडी लवकर येई का?" (तुम्ही चकरा मारून गाडी लवकर येणार आहे का?)

मी बसलो. "कोठे जावानं शे?" तिनं विचारलं. फैजपूर म्हटल्यावर तिनं जळगावच्या गाडीकडे हात केला. तिलाही पारोळ्याला जायचं होतं, म्हणून ती माझ्याच शेजारी येऊन बसली. गाडी सुटताच तिनं पदराखालून टरबुजाच्या फोडी काढल्या आणि एक माझ्यापुढे धरली. मी नको म्हणालो.

"खा ना. ईकत नही लयनू, वावरमधलं शे," ती म्हणाली. (विकत नाही आणलं, शेतातलं आहे.)

घसा सुकला होता, तरी मी घेतली नाही. आयुष्यभर मी एकच नियम पाळला आहे: कुणाचं घ्यायचं नाही, म्हणजे कुणाला द्यावं लागत नाही. आमच्या इमारतीत मी कुणाकडे साखर मागायला गेलो नाही आणि माझ्याकडे कुणी आलं नाही. याला लोक चिकटपणा म्हणतात, मी काटकसर म्हणतो. म्हातारी पारोळ्याला माझ्याकडे वळूनही न बघता उतरली.

एरंडोल गेलं, जळगावला गाडी बदलली, भुसावळला पुन्हा बदलली. दूरवर दीपनगरच्या वीजकेंद्राची धुरांडी उन्हात थरथरत होती. तापीचा पूल ओलांडला आणि डोळ्यांना एकदम हिरवं दिसायला लागलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा होत्या, झळा अडवायला कडेनं हिरव्या जाळ्या लावलेल्या. उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ होती. एरवी मी खिडकीतून बघत बसलो असतो, पण माझं सगळं लक्ष रविवारकडे होतं.

अक्का दारातच उभी होती. हात गळ्यात बांधलेला, पण चेहरा खणखणीत. मी चप्पल काढायच्या आधीच विचारलं, "सामान बांधलंस का?"

"आधी पाणी पी," ती म्हणाली. "आणि रविवारचं विसर. मी हात फेडल्याशिवाय येणार नाही."

मला वाटलं, हाताच्या प्लास्टरबद्दल बोलते आहे. तसं नव्हतं. या भागात उन्हाळा लागला की घरोघरी बिबडे होतात, म्हणजे ज्वारीचे पापड. ज्वारी भिजवून, दळून, तिखट, तीळ, लसूण घालून मोठ्या पातेल्यात शिजवायची आणि तो गरम घाटा ओल्या फडक्यावर हातानं थापून बाजेवर वाळत घालायचा. एकट्यादुकट्याचं हे काम नव्हे. म्हणून गल्लीतल्या बाया पाळीपाळीनं एकमेकींकडे जातात. मजुरी कुणी देत नाही, कुणी घेत नाही. तू माझ्याकडे आलीस, मी तुझ्याकडे येणार. याला ही गल्ली हात फेडणं म्हणते.

यंदा पहिली पाळी अक्काची होती. साऱ्या जणी येऊन तिचे वर्षाचे बिबडे करून गेल्या. त्यानंतर ती पडली. आता प्रत्येकीच्या घरी तिचा हात बाकी होता, आणि हात तर प्लास्टरमध्ये.

"अगं, त्यांना कळत नाही का तुझा हात मोडलाय?" मी म्हणालो.

"त्यांना कळतं. त्या काही म्हणणार नाहीत. म्हणूनच मला जाता येत नाही."

रात्री कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली), वर कच्चं तेल आणि ठेचा असं जेवलो. जेवण फर्मास होतं, पण मला गोड लागलं नाही. पलीकडे शेजारच्या कमलबाईंच्या ओसरीवर भिजत घातलेल्या ज्वारीचं पातेलं झाकून ठेवलेलं दिसत होतं आणि माझ्या डोळ्यांसमोर रविवारची गाडी माझ्याशिवाय सुटत होती.

सकाळी मला युक्ती सुचली. जळगावला बचत गटाच्या दुकानात तयार बिबडे मिळतात असं बसमध्ये कुणीतरी म्हणालं होतं. प्रत्येक घरी एकेक पुडा दिला की विषय संपला. आरक्षण बदलण्यापेक्षा ते स्वस्तही पडत होतं. अक्काला न सांगता पहिली एसटी धरली. जळगावात ऊन असं होतं की दुकानदारसुद्धा दारात ओलं गोणपाट टाकून आत बसले होते. मी घासाघीस करून पुडे घेतले आणि एका टपरीवर शेवभाजीच्या वासापुढे उभा राहून घरची उरलेली पोळी खाल्ली. दुपारी फैजपूरला परतलो आणि दारोदार पुडे वाटले. प्रत्येकीनं पुडा हातात घेतला, माझ्याकडे बघितलं आणि "बरं" म्हणाली. एवढ्यात काम झालं, म्हणून मी खुशीत होतो.

संध्याकाळी ओट्यावर पाणी मारायला बाहेर आलो, तर सगळे पुडे तिथं ओळीनं मांडून ठेवलेले होते. एकही फोडलेला नव्हता. शिवाय प्रत्येक पुड्यावर काहीतरी होतं: कुठं मूठभर शेंगा, कुठं केळ्याची फणी, कुठं चार कैऱ्या. वस्तू परत करायची तर रिकाम्या हातानं करायची नाही, हीही इथली रीत. म्हणजे फेडायला गेलो आणि उलट बोजा वाढवून बसलो.

शेजारच्या कमलबाई आपल्या दारात उभ्या होत्या. पन्नाशीच्या, दणकट, गल्लीत त्यांचा शब्द चालतो. त्या म्हणाल्या, "भाऊ, आम्ही काय अक्काकडे मजुरीनं आल्तो का? बिबडे इकत घ्याले आमच्याजोळ पैसे नाही असं वाटलं तुमाले?"

मी मान खाली घालून पुडे उचलले. आत अक्का भिंतीकडे तोंड करून बसली होती. "इतकी वर्षं या बायांची बाळंतपणं केली मी," ती म्हणाली, "आणि मी जाताना तू त्यांना मोलकरणी करून टाकलंस." तिचा आवाज फुटला. मी तिला रडताना लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. फार वाईट वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी कमलबाईंच्या गच्चीवर हजर झालो. "अक्काचा हात म्हणून मी आलोय," म्हणालो. चुलीवरचं पातेलं रटरटत होतं. बायांनी एकमेकींकडे बघितलं आणि एकदम हसू फुटलं.

"भाऊ, हात भाजतीन!"

"भाजू देत."

भाजलेच. पहिला बिबडा एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला भोक. "हे काय व माय, बिबडा हाये का तालुक्याचा नकाशा?" कुणीतरी म्हणालं. कमलबाईंनी माझा पंजा धरून पाण्यात बुडवला आणि दाखवलं: दाबायचं नाही, पाण्याच्या हातानं नुसतं सरकवत न्यायचं. मला सगळं भराभर उरकायची खोड, आणि भराभर केलं की बिबडा फाटत होता. ऊन वर आल्यावर त्यांनी अर्धवट वाळलेल्या बिबड्यावर तेल आणि शेंगदाणे घालून तो माझ्या हातात दिला. या खेपेला मी नको म्हणालो नाही. तशी चव मी आजवर घेतलेली नाही, हे सरळ कबूल करतो.

रविवार गेला. आरक्षणं पुढच्या गाडीची करून घेतली आणि त्यात कापले गेलेले पैसे वहीत लिहून ठेवले. रोज एक गच्ची. अंगाला चैन नव्हतंच. दुपारी झोप लागत नसे, मी चालू पंखे आणि उघडे नळ बंद करत घरभर फिरे आणि अक्का म्हणे, "बस रे, वीज मंडळाचा माणूस वाटतोस." पण पहाटे गच्चीवर बिबडे गोल व्हायला लागले होते. बायांनी मला अक्काच्याच नावानं हाक मारायला सुरुवात केली, "ओ अक्काचा हात, पाणी आना!"

शेवटच्या घरचे बिबडे झाले त्या संध्याकाळी अक्कानं पेटी काढली. डाव्या हातानं एकेक पातळ ठेवत होती. मध्येच थांबून दाराकडे बघे. मी कमलबाईंना निरोप सांगायला गेलो, तर त्यांच्या ओसरीत आंबूस वास घमघमत होता. भिजलेल्या गव्हाचा. "काय करताय?" मी विचारलं.

"आमचंच हाये काहीतरी," त्या म्हणाल्या आणि पदरानं पातेलं झाकलं.

सकाळी भुसावळला जायला रिक्षा सांगितली होती. आवाजानं जाग आली ती अंधारातच. वरून भांडी आपटल्याचा आवाज येत होता. गच्चीवर गेलो तर सगळी गल्ली तिथं. चूल पेटलेली, पातेल्यात गव्हाचा चीक शिजतोय, बाजांवर अक्काचीच जुनी पातळं अंथरलेली आणि साच्यातून कुरडया पडताहेत, एकीशेजारी एक.

"अहो, आज आम्ही निघालोय!" मी ओरडलो. "या कुरडया कुणाच्या?"

"अक्काच्या," साचा दाबत कमलबाई म्हणाल्या. "गहू आम्ही तीन दिस भिजवले, ते काय उगीच? तुमी काल साऱ्याईचे हात फेडून बसले. आता पाहा, साऱ्या गल्लीचा हात अक्कावर पुन्हा चढला. अशी कशी जाईन ती?"

अक्का माझ्यामागे जिन्यावर उभी होती. पदर तोंडाला लावून हसत होती की रडत होती, सांगता येत नाही.

मी कमलबाईंना बाजूला घेतलं. "पुन्हा पडली तर?" माझी खरी भीती तेवढीच होती.

"मागं पडली तव्हा कोन धावलं होतं, भाऊ? न्हाणीचा आवाज आयकून मीच आली. तुमच्या पुण्यात भित्तीपल्याडचं आयकू येते का?"

आमच्या इमारतीत पलीकडच्या घराचा आवाज येऊ नये म्हणून मी स्वतः खिडकीच्या फटी बुजवल्या आहेत. अक्काकडे बघितलं. ती कधीच खाली बसून डाव्या हातानं बाजेवरच्या कुरडया सरळ करायला लागली होती. भरलेली पेटी उघडून पातळं परत जागेवर ठेवायचं काम मी केलं.

भुसावळहून गाडीत बसलो तेव्हा खिडकीची जागा मोकळी होती. तिथं मी बिबड्यांचं आणि कुरडयांचं गाठोडं ठेवलं. तिकीट तपासनीसानं विचारलं, "दुसरे प्रवासी?"

"त्या आल्या नाहीत. त्यांचं देणं बाकी आहे."

त्यानं माझ्याकडे सहानुभूतीनं बघितलं आणि पुढे गेला. मनमाडपर्यंत मी एक रिकामी जागा वाया जाताना बघत होतो आणि पहिल्यांदाच त्याचं काही वाटत नव्हतं. वाटत होतं ते वेगळंच. घेणं नाही, देणं नाही, म्हणून मी किती निवांत असं मी सगळ्यांना सांगत आलो. पण उद्या मी पुणं सोडून निघालो, तर मला अडवायला पहाटे गच्चीवर कोण येईल? एकही नाव आठवेना.

पुण्याला पोचलो, आंघोळ केली, चहा घेतला. मग वाटी घेऊन समोरच्या जोशीबाईंची घंटी वाजवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी साखळी लावूनच दार किलकिलं केलं.

"जरा विरजण मिळेल का?" मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे, मग वाटीकडे बघितलं आणि साखळी काढली. विरजण आणताना म्हणाल्या, "हे माझ्याच वाटीत देते, वाटी परत करायची घाई नाही हो."

मंदा स्वयंपाकघरातून बघत होती. "घरात अख्खं पातेलंभर दही आहे," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती वाटी घासून, पुसून परत द्यायला निघाली, तेव्हा मी ती तिच्या हातातून काढून घेतली आणि फडताळात ठेवली.

"राहू दे," मी म्हणालो. "इतक्यात नको."